नवशिक्यांसाठीची हिट बॅच, सिंहगड रोड, पुणे – वजन उतरतं का, आणि गुडघे-हृदय सांभाळून होतं का

आधीच सांगून टाकते, हिट (HIIT, म्हणजे थोडा वेळ जोरात आणि थोडा वेळ आराम असा व्यायाम) ची ही बॅच चांगली आहे, पाचपैकी चार स्टार. ज्यांनी कॉलेज सुटल्यापासून व्यायाम केलेला नाही, वय चाळिशीच्या आसपास किंवा पुढे, वजन वाढलंय, आणि मोबाईलवर "१५ मिनिटांत चरबी गायब" वाले व्हिडिओ बघून करू की नको चाललंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. ज्यांना जिमची सवय आहे त्यांना इथे हळू वाटेल, त्यांनी दुसरीकडे जावं. जागेचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण मला कोणाची जाहिरात करायची नाही, तुम्ही नाशिकला असा नाहीतर ठाण्यात, हिटच्या बॅचला नाव घालताना काय बघायचं ते कळावं एवढाच हेतू आहे.

मेन रोडपासून दोन गल्ल्या आत, पहिल्या मजल्यावर हॉल आहे, खाली झेरॉक्सचं दुकान आणि डेअरी. मशीन एकही नाही. जाड रबरी मॅट, एका भिंतीवर लाल आकड्यांचा टायमर आणि दुसऱ्या भिंतीला लाकडी बाकं लावून ठेवलेली, शाळेत असायची तसली पण भक्कम. तीन महिन्यांचे ७,५०० रुपये, आठवड्यातून तीन दिवस, एका बॅचला १२ जण. याच पैशात जवळपास वर्षभराची साधी जिम मिळते हे मला माहितीये, पण तिथे तुमच्याकडे बघायला कोणी नसतं आणि हिटमध्ये बघणारा माणूसच महत्त्वाचा आहे असं माझं ठाम मत झालंय.

पहिल्या भेटीत पैसे घेतलेच नाहीत. एक फॉर्म दिला, त्यात प्रश्न असे की छातीत कधी दुखलंय का, चक्कर येऊन पडलात का, डॉक्टरांनी हृदयाचं किंवा बीपीचं काही सांगितलंय का, सांध्याचा त्रास आहे का, गोळ्या कुठल्या चालू आहेत, घरात कोणाला कमी वयात हार्ट अ‍ॅटॅक आलाय का. मग बसवून बीपी घेतलं, आल्या आल्या नाही, जिना चढून आल्यावर पाच मिनिटं बसवलं आणि मग घेतलं. कमरेचा घेर मोजला. ट्रेनर मॅडम फिजिओथेरपी शिकलेल्या आहेत आणि ते त्यांच्या प्रश्नांवरून लगेच कळतं.

माझ्यासोबत त्याच दिवशी एक काकू आल्या होत्या, साठीच्या जवळपास. बीपीची गोळी चालू आहे म्हणाल्या. मॅडमनी विचारलं कुठली, तर काकू म्हणाल्या छोटी पांढरी, सकाळी घेते. मॅडम म्हणाल्या, "काकू, घरी फोन करून पट्टीचा फोटो मागवा, मी थांबते." आणि खरंच थांबल्या, पुढची बॅच सुरू व्हायला आली होती तरी. फोटो आला, मेटोप्रोलॉल निघाली. मग त्यांनी काकूंना समजावून सांगितलं की या गोळीने हृदयाचे ठोके मुद्दाम कमी ठेवलेले असतात, त्यामुळे हातातल्या घड्याळावर आकडा कमी दिसेल आणि तुम्हाला वाटेल अजून दम आहे, अजून जोर लावू, तर तुम्ही घड्याळ बघायचंच नाही, माझ्याशी बोलून दाखवायचं, एक अख्खं वाक्य बोलता आलं तर ठीक, दोन शब्दांत तुटलं तर पाय हळू. आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय सुरू करायचं नाही असंही सांगितलं. काकू जरा नाराज झाल्या, पण चिठ्ठी घेऊन आल्या आणि आता छान करतात.

हे एवढं सविस्तर लिहिलं कारण याच्या आधी मी दुसऱ्या एका मोठ्या जिममध्ये ट्रायल घेतली होती, तिथे कोणी काही म्हणजे काहीच विचारलं नाही. काचेची भिंत, निळे दिवे, गाणी इतकी मोठ्याने की शेजारचा काय बोलतोय ऐकू येत नव्हतं. वॉर्मअप म्हणून हात गोल फिरवायला लावले आणि थेट बर्पी. म्हणजे उभ्याने खाली बसा, हात टेकवा, पाय मागे फेका, छाती जमिनीला, परत पाय पुढे आणि वर उडी, हे ज्याने कधी सूर्यनमस्कारसुद्धा घातला नाही अशा माणसाला पहिल्या पाच मिनिटांत. माझ्या बाजूला एक मुलगा होता, विशी-पंचविशीतला, वजन भरपूर, तो तिसऱ्या राउंडला बाहेर जाऊन उलटी करून आला आणि तिथला ट्रेनर सगळ्यांना म्हणाला टाळ्या वाजवा याच्यासाठी, याला म्हणतात मेहनत. मला ते अजिबात आवडलं नाही, आजही त्या मुलाचा पांढरा पडलेला चेहरा आठवला की राग येतो. उलटी होणं म्हणजे शरीर थांब म्हणतंय, त्याला टाळ्या कसल्या?

आता हिट म्हणजे नक्की काय यात बराच गोंधळ आहे म्हणून थोडं लिहिते. थोडा वेळ जोरात, थोडा वेळ आराम किंवा हळू, परत जोरात, एवढंच. सगळीकडे जे टबाटा टबाटा चालतं, २० सेकंद जोरात आणि १० सेकंद आराम असे आठ राउंड, चार मिनिटांत खेळ खलास, ते इझुमी टबाटा या जपानी संशोधकाच्या नावावरून आलंय. त्यांचा पेपर १९९६ चा. ही पद्धत मुळात जपानच्या स्पीड स्केटिंग टीमचे कोच कोइची इरिसावा खेळाडूंकडून करून घेत होते, टबाटांनी ती लॅबमध्ये तपासली. ज्यांच्यावर तपासली ती तरुण, व्यायामाची सवय असलेली मुलं होती, आणि ती उड्या मारत नव्हती, एका जागी बसवलेल्या सायकलवर पॅडल मारत होती, तेही इतक्या जोरात की सातव्या आठव्या राउंडला पाय चालेनासे व्हावेत. सहा आठवड्यांत त्यांचा दमसास वाढला, जोर लावायची ताकद २८ टक्क्यांनी वाढली. वजन कमी होतं का हा त्या अभ्यासाचा विषयच नव्हता! आणि आपल्याकडे तेच चार मिनिटांचं वजन कमी करायचं औषध म्हणून विकतात, ते पण घरी फरशीवर अनवाणी उड्या मारून करा असं सांगत.

नवीन माणसाला १० सेकंदांचा आराम पुरत नाही हे ज्याला कळतं तो ट्रेनर चांगला. इथे पहिल्या महिन्यात उलटं प्रमाण आहे, २० सेकंद काम आणि ४० सेकंद आराम, तेही पाच-सहाच राउंड. हळूहळू ३० आणि ३० वर येतात. आराम म्हणजे धपकन खाली बसायचं नाही, जागच्या जागी चालत राहायचं. जोरात चालू असलेलं एकदम थांबवलं की रक्त पायात साठून राहतं आणि चक्कर येते, म्हणून शेवटीसुद्धा सात-आठ मिनिटं नुसतं हळू चालणं आणि स्ट्रेचिंग असतं. घाईत असलेले लोक ते सोडून पळतात, मॅडम दारात उभ्या राहून परत पाठवतात, मी बघितलंय.

वॉर्मअप दहा मिनिटांचा. घोटे, कंबर, खांदे, मग जागच्या जागी चालणं, मग हळू स्क्वॉट, म्हणजे उठाबशा. मुख्य भाग पहिल्या महिन्यात जेमतेम सहा-सात मिनिटांचा, पुढे पंधरापर्यंत जातो. सुरुवातीला बऱ्याच जणांना वाटतं एवढ्याशासाठी पैसे दिले का. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना उत्तर मिळतं.

आता त्या भिंतीजवळच्या बाकांचं सांगते. बर्पी इथेही आहे पण पहिल्या दिवशी बर्पी म्हणजे बाकावर दोन्ही हात टेकवायचे, एक पाय मागे, दुसरा पाय मागे, एक श्वास, एक पाय पुढे, दुसरा पुढे, सरळ उभं राहायचं. उडी नाही, छाती खाली नाही. हे जमायला लागलं की बाक आडवं करून कमी उंचीवर, मग मॅटवर हात, मग पाय एकदम मागे, आणि उडी सगळ्यात शेवटी, तीही ज्याचे गुडघे तयार आहेत त्यालाच. स्क्वॉटला मागे बाक ठेवतात, बसायचं आणि उठायचं, म्हणजे किती खाली जायचं हा प्रश्नच नाही. जंपिंग जॅकच्या, म्हणजे उडी मारत पाय फाकवून हात वर नेण्याच्या ऐवजी एकेक पाय बाजूला टाकत हात वर. आणि हे सगळं केल्यावरसुद्धा माझा घाम निथळत होता आणि बोलताना वाक्य तुटत होतं, म्हणजे जोरात व्हायला उडीच पाहिजे असं काही नाही. जोर हा तुमच्या मानाने मोजायचा असतो. ज्याला दोन मजले चढून धाप लागते त्याच्यासाठी भरभर चालणंसुद्धा हिट आहे.

साधारण हिशोब असा की २२० मधून वय वजा केलं की जास्तीत जास्त ठोके मिळतात, चाळिशीच्या बाईचे १८०. हिटमध्ये त्याच्या ८० टक्क्यांच्या वर जायचं असतं, म्हणजे १४४ च्या पुढे. पण तो नुसता अंदाज आहे, माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो, म्हणून बोलून बघायची पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. इथे गाण्यांचा आवाज त्यामुळेच कमी ठेवतात, मॅडमना बोलणं ऐकू यावं लागतं.

आता वजनाचं. ज्याच्यासाठी सगळे येतात ते. खरं सांगते, काटा फार हलला नाही. कंबर कमी झाली, ब्लाउज सैल झाले, जिना चढताना थांबावं लागत नाही, झोप चांगली लागते, पण काट्यावर बघाल तर तीन महिन्यांत फक्त अडीच किलो, आणि त्यातही खाण्याचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. याचं मला वाईट वाटलं नाही कारण मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि नंतर मी वाचलं तेव्हा तेच दिसलं. २०१७ साली वजन जास्त असलेल्या लोकांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, हिट करणारे आणि साधा सलग व्यायाम करणारे यांच्यात चरबी कमी होण्यात मोठा फरक नव्हता, दोघांचंही सारखंच उतरलं. फरक वेळेचा होता, हिटवाल्यांना साधारण ४० टक्के कमी वेळ लागला. म्हणजे हिटची खरी कमाई वेळ वाचणं आणि दमसास वाढणं ही आहे, चरबी वितळवायची वेगळी जादू नाही. ते "व्यायाम संपल्यावर २४ तास कॅलरी जळत राहतात" म्हणतात ना, जळतात थोड्या, पण फारच थोड्या, त्या भरवशावर एक पेढासुद्धा जास्त खाण्यात अर्थ नाही.

गणित करून बघा. ७५ किलोच्या माणसाने २५ मिनिटं चांगला जोराचा व्यायाम केला तर अडीचशेच्या आसपास कॅलरी जातात. एक वडापाव तेवढ्याचाच, किंवा जरा जास्तच. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. आठवड्यातून तीनदा करून आणि बाहेर पडल्या पडल्या खालच्या टपरीवर वडापाव-चहा घेऊन वजन कसं उतरणार, आणि आमच्या बॅचमधले अर्धे लोक तेच करतात, मी कोणाला नावं ठेवत नाही, भूक लागते हे खरंय. इथे डाएटचा कागद देतात तो मला आवडला कारण त्यात ब्रोकोली-अ‍ॅव्होकॅडो असलं काही नाही. ज्वारीची भाकरी, उसळ, ताक, पालेभाजी, अंडं चालत असेल तर अंडं, रात्रीचं जेवण लवकर, चहातली साखर कमी. घरात सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक करून भागतं. माझ्या जाऊबाई तर बॅचला येतच नाहीत, नुसता कागद पाळतात आणि संध्याकाळी चालतात, त्यांचं वजन माझ्यापेक्षा जास्त उतरलंय.

सेफ्टीबद्दल लोक घाबरून विचारतात, विशेषतः २०२१ साली कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार ४६ व्या वर्षी अचानक गेले तेव्हापासून. जिममध्ये कोणी कोसळल्याची बातमी आली की आमच्याकडे सासूबाई पेपर घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहतात. एका माणसाच्या बातमीवरून व्यायामाने झालं की आधीचंच काही होतं हे आपल्याला बाहेरून कळत नाही, त्यामुळे त्यावर मी काही बोलणार नाही. पण मोठ्या अभ्यासांत जे आहे ते सांगते. १९९३ साली अमेरिकेत हार्ट अ‍ॅटॅक आलेल्या हजारावर लोकांना विचारून एक अभ्यास झाला. जोराच्या श्रमानंतरच्या तासाभरात अ‍ॅटॅकचा धोका, जे एरवी आठवड्यातून एकदाही जोराची हालचाल करत नाहीत त्यांच्यात शंभरपटीहून जास्त वाढलेला दिसला. आणि जे आठवड्यातून पाचदा किंवा जास्त करतात त्यांच्यात जेमतेम अडीचपट. शंभरपट ऐकून घाबरू नका, त्या एका तासाचा मूळचा धोका अगदी नगण्य असतो, नगण्याच्या शंभरपट म्हणजेसुद्धा लहानच. पण दिशा बघा की! बैठा माणूस एकदम जोरात गेला तर धोका, आणि हळूहळू सवय लावलेला माणूस जोरात गेला तर धोका कितीतरी कमी. पहिले चार-सहा आठवडे हळू न्यायचं ते यासाठी.

दुसरा नॉर्वेचा, २०१२ चा. ४,८४६ हृदयरोगी, म्हणजे आधीच ज्यांना त्रास आहे असे लोक, देखरेखीखाली व्यायाम करत होते. १,७५,८२० तासांच्या व्यायामात तीन जणांचं हृदय बंद पडलं, दोन जोराच्या व्यायामात आणि ते वाचले, एक मध्यम व्यायामात आणि तो गेला. तासांच्या हिशोबाने जोराच्या व्यायामात प्रमाण जास्त आहे पण दोन्हीकडे फार कमी आहे. नॉर्वेत तर हृदयरोग्यांना चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असे चार राउंड देऊन व्यायाम करवतात, आणि तो ट्रेडमिलवर चढण लावून चालतच, उडी नाही काही नाही. फक्त तिथे डॉक्टरांनी तपासलेलं असतं आणि बघणारं माणूस शेजारी असतं. आपल्याकडे हिट धोकादायक आहे का असं विचारतात, त्यापेक्षा कोणाच्या नजरेखाली करताय आणि आधी काय तपासलंय ते विचारायला पाहिजे. आणि आपल्या देशात तपासून घेणं का गरजेचं आहे, तर २०२३ साली आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) जो मोठा अभ्यास आला त्यात प्रौढांपैकी ११ टक्क्यांना डायबिटीस आणि ३५ टक्क्यांना बीपी निघालं. बारा जणांच्या बॅचमध्ये चौघांना बीपी असणार असंच धरून चालायला हवं, आणि त्यातल्या काहींना ते माहीतही नसतं. आमच्या बॅचमधल्या एका दादांचं बीपी पहिल्या दिवशी १७० च्या वर आलं, ते म्हणत होते मला काही होत नाही. त्यांना परत पाठवलं, गोळी सुरू झाली, दीड महिन्याने आले.

शुगरवाल्यांनी एक लक्षात ठेवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर व्यायामानंतर काही तासांनीसुद्धा शुगर खाली येऊ शकते, इथे पिशवीत ग्लुकोजची पुडी ठेवायला लावतात. डोळ्यांच्या पडद्याचा त्रास असेल तर उड्या आणि जोर लावणं आधी डॉक्टरांना विचारून. आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी, सवय नसताना एकदम अति केलं तर स्नायू इतके मोडतात की त्यातले घटक रक्तात उतरून किडनीवर ताण येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखणं साधं आहे, पण मांड्या किंवा दंड सुजून टणक झाले आणि लघवी काळ्या चहासारखी दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. हे कोणी सांगत नाही. इथे भिंतीवर मराठीत लिहून लावलंय, त्याबद्दल मला त्यांचं मनापासून कौतुक आहे.

बायकांसाठी अजून एक, जे आपण एकमेकींनाही सांगत नाही. बाळंतपणं झालेल्या कितीतरी जणींना उडी मारली की थेंबभर लघवी होते. मग बॅच सोडून देतात, कारण विचारलं तर वेळ जमत नाही म्हणतात. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सकाळच्या बॅचमधल्या बायकांसमोर हे स्वतःहून काढलं, एकदम साध्या आवाजात, की असं होत असेल तर मला बाजूला येऊन सांगा, लाजू नका, उड्या बंद करू, खालचे स्नायू घट्ट करायचे व्यायाम देते आणि गरज असेल तर डॉक्टरांकडे पाठवते. त्या दिवशी बॅच सुटल्यावर तिघी-चौघी मागे थांबल्या होत्या. मी पण त्यातलीच एक. मला फार बरं वाटलं की कोणीतरी बोललं.

तक्रारी आहेतच. संध्याकाळी ७ च्या बॅचला १२ म्हणतात पण १६-१७ जण असतात, बाकं पुरत नाहीत, आणि मॅडम नसतात, त्यांचा असिस्टंट असतो. मुलगा चांगला आहे पण प्रत्येकाकडे लक्ष जात नाही, एका ताईंचा गुडघा आत वळत होता स्क्वॉट करताना आणि तो मोबाईलवर टायमर लावत होता. माझा एक स्टार तिथेच गेला. शिवाय काउंटरवर प्रोटीन पावडरचे डबे मांडलेत आणि महिना संपला की घेऊन बघा म्हणतात, जोर करत नाहीत पण नसते ठेवले तर बरं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर महिन्याला आधीचे-नंतरचे फोटो मागतात, मी नाही दिले, कोणी काही बोललं नाही. गणपतीत आणि दिवाळीत सुट्टी पडली तर ते दिवस पुढे वाढवून देत नाहीत, हे मला चुकीचं वाटतं, सणाला पुण्यात कोण बॅचला येणार. पार्किंग नाही, टू-व्हीलर गल्लीत लावावी लागते.

एवढे पैसे द्यायचे नसतील तर आपल्या टेकड्या आहेतच. तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर पहाटे जा, पंधरा मिनिटं सपाटीवर चाला, मग चढावर दोन मिनिटं भरभर, तीन मिनिटं हळू, असं चार वेळा, परत सपाटीवर चालत घरी. उतरताना पळू नका, गुडघ्याला उतारच जास्त लागतो. बीपी-शुगर आधी तपासून घ्या आणि एकटे जाऊ नका. काकांनी-आजोबांनी पर्वतीच्या पायऱ्या एका दमात चढायची पैज लावू नये, मधे थांबत चढलं तरी काम होतं. आणि काहीच नाही जमलं तर नुसतं आठवड्याला अडीच तास भरभर चालणं हेसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात बसतं, हिट केलंच पाहिजे असं कोणीही सांगितलेलं नाही. गरोदर असाल, नुकतंच बाळंतपण किंवा ऑपरेशन झालं असेल, छातीत दुखत असेल, ताप किंवा व्हायरलमधून उठला असाल तर इथे काय कुठेच हिट नको, आधी डॉक्टर.

नाव घालायचं असेल तर सकाळी ६.३० ची घ्या, मॅडम स्वतः असतात, ती भरली असेल तर वाट बघा पण संध्याकाळची घेऊ नका. नवीन लोकांना महिन्याच्या पहिल्या सोमवारी घेतात, मधे घेत नाहीत. तपासणीचा दिवस फुकट आहे, त्या दिवशी उड्या वगैरे काही नसतं, अर्धा-पाऊण तास हातात ठेवून जा आणि गोळ्या चालू असतील तर पट्ट्या सोबत न्या. बूट मात्र चांगल्या सोलचे लागतात, साध्या चपला-सँडलवर आत घेत नाहीत.